लोंबता धागा

जावयाच्या हातून वेल मरणार, हे बाईंनी ती लावली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आणि आपलं म्हणणं आजवर कधी खोटं ठरल्याचं निदान बाईंना तरी आठवत नव्हतं.

बाई म्हणजे शिवणवर्गाच्या बाई. आसपासच्या निम्म्या बायकांना त्यांनी कॉलर बसवायला शिकवलं होतं आणि शिकवता शिकवता त्यातल्या बहुतेकींना एकदा तरी रडवलं होतं. वाकडी टीप दिसली की "उसव" असं सांगत बसायचा त्यांना कंटाळा. त्या स्वतःच फर्रकन उसवून कापड पोरीच्या अंगावर टाकत. "हे तू शिवलंस की उंदरानं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. पुढे वर्ग बंद झाला, नवरा गेला, न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, आणि एकटं राहायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. डॉक्टरच्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, त्यामुळे बाईंचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. पण हाड त्यानं नीट बसवलं होतं, तेव्हा ऐकणं भाग पडलं.

"तात्पुरती आलेय," मुलीच्या दारात त्यांनी आधी हेच सांगितलं.

सामान थोडंच होतं. शिलाईचं मशीन, जड इस्त्री, नवऱ्याचा फोटो आणि गोणपाटात मुळं गुंडाळलेली हनीसकलची, गोड वासाच्या फुलांची वेल. ही वेल नवऱ्यानं लावलेली. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. वर्गाच्या खिडकीखाली त्यानं वेल लावली आणि पहिल्याच वर्षी दोऱ्या बांधून थेट छपरावर चढवली. फुलं यायची ती सगळी कौलांवर. वास घ्यायचा तर शिडी लावायची पाळी. "हा कुठला शहाणपणा?" बाईंनी विचारलं होतं. "वर ऊन मिळतं तिला," एवढं बोलून तो पुन्हा घड्याळात शिरला होता. छपरावरच्या या बागेवरून बाईंनी त्याची आयुष्यभर टर उडवली. तो गेल्यावर मात्र घर सोडताना त्यांनी कपाट मागे ठेवलं आणि वेल उपटून घेतली.

आता जावयाबद्दल. त्याचं सलून होतं. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागे दोन खोल्या नि स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे उंच भिंतीचं एवढंसं अंगण. मुलगी दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या कामावर होती. एका दुपारी, इकडे बाई वर्गात बाही कापायला शिकवत असताना, ती तिकडे या माणसाशी सही करून लग्न लावून आली होती. बाईंनी आरडाओरडा केला नाही. "कापड कापलं तर त्याचं काहीतरी बनतं," एवढंच त्या म्हणाल्या. "केस कापून काय बनतं? कचरा." त्यानंतर त्या त्याला कायम 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणत आल्या, पण उच्चार असा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंनी काहीतरी चिमट्यात धरून लांब नेलंय. सलूनमधून घरात येणं सोयीचं असूनही त्या कधी तिथून आल्या नाहीत. खुबा दुखत असला तरी बाजूच्या बोळातून वळसा घालून मागच्या दारानं यायच्या.

त्याच्यात एकच गुण होता, हे बाईही मान्य करत. झाडू. गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं रे उठलं की खालचे केस गोळा. हीच सवय त्याला घरातही होती. सकाळी दुकान उघडण्याआधी तो मागचं अंगणसुद्धा लखलखीत झाडून काढायचा. एक काडी राहायची नाही. "गुण कसला, धंद्याची खोड आहे ती," बाई म्हणायच्या.

खोड बाईंनाही होती, पण ती त्यांच्या लेखी शिस्त होती. त्यांच्या गळ्यात काळ्या नाडीला धागे कापायची छोटी कात्री कायम अडकवलेली असायची. लोंबता धागा म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट काम करणारं माणूसही अर्धवटच, असं त्यांनी पोरींना घोकून घोकून शिकवलं होतं. मुलगी कामावर निघाली की तिच्या बाहीचा धागा कट्. टॉवेलाच्या कडेचा कट्. पायपुसण्याला शोभेच्या झालरी होत्या. बाई आल्या त्या आठवड्यातच पायपुसणं टकलं झालं. "आई, त्या मुद्दाम लावलेल्या होत्या," मुलगी म्हणाली. "कोणी लावल्या?" बाईंनी विचारलं. बाईंनी आपण काय कापलं हे मान खाली घालून पाहिलंसुद्धा नव्हतं. हात आपोआप जायचा, बोलणं चालूच राहायचं.

वेल आली तेव्हा तिच्यात जीव म्हणावा असं काही उरलं नव्हतं. पानं गळलेली, फांद्या सुतळीसारख्या, दोन ठिकाणी मोडलेल्या. बाई वेताच्या खुर्चीत बसल्या आणि काठीनं हुकूम सोडू लागल्या.

"खड्डा."

जावयानं खणला.

"याला खड्डा म्हणतात? यात मांजरसुद्धा बसायची नाही."

त्यानं आणखी खणला. फावडं कसं धरायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो ते वस्तऱ्यासारखं धरायचा, दोन बोटांत, जपून. बाईंनी डोळे मिटून घेतले. कुजलेला पाला आणून खाली घातला गेला, वेल उभी केली, मुळाशी ओला पाला नि फुटक्या फरशा रचल्या. हनीसकलचे पाय सावलीत हवेत आणि डोकं उन्हात, हे बाईंना नवऱ्याच्या मोजक्या वाक्यांपैकी एक म्हणून पाठ होतं. थंडी पडल्यावर बाईंनी ती गुडघ्याएवढी छाटायला लावली. जावयाचा हात थबकला. "एवढी? मरेल, बाई."

"तुमच्या हातात आहे म्हणून मरेल," बाई म्हणाल्या. "कापा."

त्यानं कापली. रोज संध्याकाळी दुकानातून येऊन मुळाशी सावकाश पाणी घातलं. थंडी सरल्यावर काळपट खोडांना हिरवे डोळे फुटले. मग त्यांवर मावा आला, तर त्यानं साबणाचं पाणी कापसाच्या बोळ्यानं एकेका पानावरून फिरवलं, गिऱ्हाइकाच्या मानेवरचा साबण पुसावा तसं. बाईंनी खुर्चीतून सगळं पाहिलं. चूक सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "फार हळू करता तुम्ही."

वेल जगली. पण फुलेना. गुडघ्यापासून कमरेपर्यंत आली आणि तिथेच अडली. पानं भरपूर, फांद्या भरपूर, पण एकही फांदी लांब म्हणून होईना. वेल म्हणावं तर चढत नाही, झुडूप म्हणावं तर बाईंना ते कबूल नाही. कळीचा तर पत्ताच नव्हता. आणि गंमत अशी, की कधीकधी तिन्हीसांजेला अंगणात त्या फुलांचा ओळखीचा गोड वास यायचा. बाई चमकून वेलीकडे बघायच्या, तिथे काहीच नसायचं. म्हातारपणी नाकसुद्धा खोटं बोलायला लागतं, असं मनात म्हणून त्या आत जायच्या. कुणाला सांगितलं नाही.

सकाळचा चहा त्या वेलीपाशीच घ्यायच्या. एका हातात कप आणि तोंडानं वेलीशी बोलणं. बोलण्याचा विषय ठरलेला. "बघ तुझे हाल. तिकडे छपरावर राणीसारखी होतीस. आता कुणाच्या तावडीत सापडलीस? आज त्यानं चहात साखर दोनदा घातली. काल टॉवेल उलटे वाळत घातले. त्याला उलटं-सुलटं कळत नाही, तुझं काय कळणार!" असं अर्धा तास चालायचं. मन मोकळं झालं की त्या उठून अंघोळीला जायच्या.

एके दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि एक फांदी हातात धरून नीट पाहिली. टोक नव्हतं. दुसरी पाहिली. तिलाही नव्हतं. तिसरी, चौथी, सगळ्या. किडीनं खाल्लेलं नाही, वाऱ्यानं मोडलेलं नाही. कापलेलं. उभा जन्म कात्रीबरोबर काढलेल्या बाईंना काप कळायला वेळ लागला नाही. तिरका, एका झटक्यातला, आणि कडेला सालीची बारीकशी शेपटी राहिलेली. म्हणजे कात्रीची धार गेलेली, टोकाशी खांडी पडलेली. हत्याराला धार न लावणाऱ्या माणसाचा काप.

या घरात कात्र्या कुणाकडे? पुढच्या खोलीत आरशाखाली ओळीनं मांडलेल्या. आणि समोर काही वाढलेलं दिसलं की ते बारीक करायची सवय कुणाला? बाईंना इतका आनंद झाला की खुबा दुखायचा थांबला.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसली तेव्हा त्यांनी टोक कापलेली एक फांदी टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली.

"जावईबापू, हे काय आहे?"

त्यानं पाहिलं. "वेलीची फांदी."

"आणि टोक?"

"कापलंय."

"कुणी?"

मुलीनं चमचा खाली ठेवला. "आई, अगं..." ती काही बोलणार, तेवढ्यात जावयानं तिच्याकडे पाहून मान हलवली. अगदी थोडी. बाईंना ती दिसली आणि त्यांनी तिचा हवा तो अर्थ लावला.

"हनीसकलला फूल टोकाच्या वाढीवर येतं. तुम्ही रोज तिचे केस कापताय! गिऱ्हाईक आहे का ते? आणि तेही बोथट कात्रीनं. शेपटी राहिलीय बघा. माझ्या वर्गात असा काप केला असता तर मी दारात उभं केलं असतं."

"बरं," जावई म्हणाला आणि सूप पिऊ लागला.

त्या 'बरं'नं बाईंचं डोकं फिरलं. माणसानं भांडावं, निदान खोटं तरी बोलावं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसणाऱ्या माणसाचं करायचं काय? आणि मग ते वाक्य बाहेर पडलं, जे बाईंनी आधी ठरवलेलं नव्हतं.

"या मोसमात माझी वेल फुलली नाही, तर मी या घरात राहणार नाही. पुतण्याकडे जाईन."

बाईंनी वाट पाहिली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ताटं उचलायला लागली.

खरं सांगायचं तर बाईंना पुतण्याकडे जायचं नव्हतं. पुतण्या जिन्याखालची खोली देणार होता, जिथे आजवर जुने रंगाचे डबे ठेवलेले होते. त्याची बायको दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावायची आणि पडद्यांच्या दुमडी डिंकानं चिकटवायची. डिंकानं! इथे मुलगी कामावरून आल्यावर दहा मिनिटं तरी त्यांच्या पलंगावर टेकायची, पाय चेपून द्यायची, दवाखान्यातल्या पेशंटांच्या नकला करायची. त्या दहा मिनिटांसाठी बाई दिवसभर थांबायच्या, हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि या वयात नवीन काही शिकायची इच्छाही नव्हती.

तेव्हा आता वेल फुलायलाच हवी होती. बाईंनी पहारा बसवला. सकाळचा चहा झाला, अंघोळ झाली, की खुर्ची वेलीशेजारी, काठी मांडीवर, नजर मागच्या दारावर. जावई पाणी घालायला आला तर त्याच्या दोन्ही हातांकडे बघायच्या. तरी नवीन टोक सुटलं की दुसऱ्या दिवशी गायब. शेपटी राहिलेली. बाई थक्क झाल्या. आपण अंघोळीला गेलो की हा साधतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि दोन दिवस अंघोळच केली नाही. तरी तेच. माणूस बावळट असला तरी हाताचा चलाख आहे, हे त्यांना नाइलाजानं मान्य करावं लागलं.

मोसम सरत आला. पुतण्याचा निरोप आला की डबे काढलेत, खोली झाडलीय. बाईंनी मशीनला तेल घातलं, फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू म्हणतेस म्हणून जायलाच हवं असं नाही." बाई म्हणाल्या, "मी म्हणते म्हणूनच जायला हवं." मुलगी आत गेली आणि तिनं नळ मोठा सोडला. बाईंना कळलं, पण त्या फोटोला दोरी बांधत राहिल्या.

त्या दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. पलीकडची शेजारीण म्हणजे बाईंच्या लेखी वाया गेलेली केस. तिच्या परकराची किनार पिनांवर उभी असायची आणि कपडे ती खांद्याला चिमटे लावून वाळत घालायची, त्यामुळे तिच्या सगळ्या झग्यांना खांद्यावर शिंगं आलेली असायची.

"बाई, आहात का? मी म्हटलं सांगावं. काय घमघमाट सुटलाय हो तुमच्या वेलीचा!"

बाईंनी आपल्या कंबरभर, बोडक्या झुडपाकडे पाहिलं. "थट्टा करताय?"

"थट्टा कसली? संध्याकाळी तर खिडकी उघडली की पुरे. या ना, बघून जा."

आपल्या तोंडावर कुणी अशी चेष्टा करावी हे बाईंना सहन होणारं नव्हतं. त्यांनी काठी उचलली. बोळातून रस्त्यावर, रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून पलीकडच्या गल्लीत. खुबा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता. या बाईला तिच्याच दारात चार शब्द सुनवायचे, परकराच्या किनारीपासून सुरुवात करायची, असं ठरवत त्या पोचल्या आणि तिच्या अंगणात शिरल्या.

आणि उभ्या राहिल्या.

भिंतीच्या या बाजूला, खालपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत, हनीसकल फुललं होतं. ताजी फुलं पांढरी, जुनी पिवळी, आणि दोन्ही इतकी की पानं शोधावी लागावीत. मधमाश्या घोंगावत होत्या. वास तोच होता. नाक खोटं बोललं नव्हतं.

बाईंनी फांदीचा माग काढला. त्यांच्या अंगणात पावसाच्या पाण्याचा जाड नळ भिंतीला लागून होता. त्याच्या मागे, जिथे बाईंची काठीसुद्धा पोचत नव्हती, तिथून वेलीची एकच फांदी सरकवून भिंतीच्या भोकातून इकडे काढलेली होती. इकडे खिळे, खिळ्यांना तार, आणि तारेला फांदी जागोजागी पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेली. पट्ट्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायच्या कापडाच्या होत्या. गाठी सैल, फांदीला काचणार नाही अशा. पट्ट्या एकमेकींना जोडणारे टाके मात्र भयंकर.

"तुमच्या जावयानं विचारलं होतं, खिळे मारू का म्हणून," पलीकडची सांगत होती. "म्हटलं मार बाबा, भिंत काय माझ्या बापाची आहे? दर रविवारी येऊन बांधून जातो. म्हणाला, तिकडे टिकत नाही. का टिकत नाही विचारलं तर हसला नुसता."

"तोच कापतो ती," बाई म्हणाल्या. "टिकेल कशी?"

पलीकडचीनं त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "तो? अहो, तुम्हीच तर कापता. माझ्या वरच्या खिडकीतून रोज दिसतं की. चहा पिता, वेलीशी बोलता आणि बोलता बोलता कट् कट्. मग तुम्ही आत गेलात की तो येऊन टोकं झाडून नेतो. मला वाटलं, तुमच्यात तशीच पद्धत असेल."

"मी?" बाईंचा आवाज चढला. "मी माझी वेल कापीन? उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, हात थरथरत नाही माझा अजून. डोळे शाबूत आहेत. आपण काय करतोय हे ज्याला कळत नाही त्यानं कात्री हातात धरू नये, हे मी जन्मभर पोरींना..."

"हे बघा, आत्तासुद्धा," पलीकडची हळूच म्हणाली.

बाईंनी खाली पाहिलं. गळ्यातली कात्री त्यांच्या उजव्या हातात होती. डाव्या तळहातावर एक कोवळं टोक पडलं होतं, दोन कळ्यांसकट. तारेवरून लोंबत असणार. काप तिरका होता, एका झटक्यातला. कडेला सालीची बारीकशी शेपटी.

पलीकडचीनं स्टूल आणून दिलं. बाई बसल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि संन्यासी 'बरं' म्हणून सूप प्यायला होता. त्याला काय करायचं होतं? काहीच नाही. नुसतं गप्प बसायचं होतं. बाई रोज सकाळी आपल्याच हातानं कळ्या छाटत होत्या, आपल्याच तोंडानं जायची शपथ घेऊन बसल्या होत्या. हा झाडू फिरवत राहिला असता तरी दोन दिवसांत पुढचं दार, मागचं दार, सगळं घर त्याचं झालं असतं. त्याऐवजी हा रविवार रविवार इथे येऊन वाकडेतिकडे खिळे ठोकत बसला.

मग त्यांना छप्पर आठवलं. कौलांवरची फुलं. पहिल्याच वर्षी, दोऱ्या बांधून. "वर ऊन मिळतं तिला." खिडकीपाशी ऊन कमी होतं का? वर्गाची खिडकी होती ती. दिवसभर इतकं ऊन यायचं की पोरींचे डोळे दिपायचे. बाईंनी टर उडवली आणि तो भिंगाआड गप्प राहिला. त्यानंही वेल बाईंच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवली होती. आणि मुलगी? ती तर स्वतःच भिंतीपलीकडे निघून गेली होती, एका दुपारी, बाई बाही कापत असताना. बाईंना आपला राग आला, खराखुरा, जन्मभर दुसऱ्यांवर काढला त्याच जातीचा, आणि तो कुणाच्या अंगावर फेकायची सोय नव्हती.

"चहा टाकू?" पलीकडचीनं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. मग काठी भिंतीला टेकवून, "टाका."

परत येताना त्या बोळात वळल्या नाहीत. सलूनचं काचेचं दार ढकलून आत गेल्या. जावई एका गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवत होता. आरशात त्याला बाई दिसल्या आणि त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. बाई बाकावर बसल्या. त्यांनी आजवर त्याला काम करताना पाहिलं नव्हतं. काप सरळ होता. त्यांनी मान वाकडी करून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिकडूनही सरळच होता.

गिऱ्हाईक गेलं. जावयानं झाडू घेतला.

"का नाही सांगितलंस?" बाई म्हणाल्या.

'सांगितलंस' ऐकून त्यानं एकदा वर पाहिलं. "तुम्ही ऐकलं असतं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग?"

"मी गेले असते तर बरंच झालं असतं की तुला."

"झालं असतं," केस सुपलीत ओढत तो म्हणाला. "सकाळचा चहा शांतपणे प्यायलो असतो. पायपुसण्याला झालरी राहिल्या असत्या." त्यानं सुपली डब्यात उलटी केली. "पण ती रोज रडली असती. आणि मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, बाई. तिला दवाखान्यातून आल्यावर तुमच्याशीच बोलायचं असतं. मला विचारते आधी, आई जागी आहे ना."

बाईंनी गळ्यातली काळी नाडी काढली आणि कात्री त्याच्या फळीवर, त्याच्या कात्र्यांच्या ओळीत ठेवली.

"टोकाला खांडी पडलीय. शेपटी राहते. धार लावून टाक."

"लावतो. संध्याकाळी देतो."

"देऊ नकोस," बाई म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडेच. मी मागितली तरी देऊ नकोस. मी मागीन. ओरडीनही."

"बरं."

"आणि ते काय बांधलंयस तारेला? तो टाका आहे? तू शिवलंस की उंदरानं?"

"उंदरानं," तो म्हणाला.

बाईंच्या तोंडून हसू निसटलं, आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. जावई पुढे येऊन त्यांच्या शेजारचं बाक पुसू लागला. त्याच्या अॅप्रनच्या खिशाची शिवण सुटली होती आणि तिथून एक पांढरा धागा चांगला वीतभर खाली लोंबत होता. बाईंचा हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यांनी तो मांडीवर आणून ठेवला.

"धागा लोंबतोय तुझा," त्या म्हणाल्या.

त्यानं खाली पाहिलं. "कापू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या.